चांगल्या कोलेस्टेरॉलचा आकडा: रिपोर्ट हातात आल्यावर काय वाचायचं आणि काय करायचं

"ताई, चांगलं कोलेस्टेरॉल किती आलंय?"

तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करताना खिडकीपलीकडून हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. आकडा पन्नासच्या वर निघाला की माणूस सैल होतो, पस्तीस निघाला की चेहरा उतरतो. दोन्ही वेळी तो रिपोर्टच्या बाकीच्या पाच ओळी न वाचता घडी घालतो आणि खिशात टाकतो.

सुरुवातीची काही वर्षं मीही असाच वाचायचे. माझ्या मामांचा रिपोर्ट आला तेव्हा मीच बोट ठेवून त्यांना म्हटलं होतं, "एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, बासष्ट आहे मामा, काळजीचं कारण नाही." तीन वर्षांनी पहाटे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. वेळेत दवाखान्यात पोचले, स्टेंट पडला, वाचले. पण तो जुना कागद मी नंतर काढून पुन्हा वाचला तेव्हा सगळं त्यावर लिहिलेलंच होतं. मला वाचता आलं नव्हतं. तेव्हापासून लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा हा रिपोर्ट, कसं वाचायचं हे मी खिडकीत येणाऱ्या प्रत्येकाला जमेल तेवढं समजावते. खिडकीत दोन मिनिटं मिळतात, इथे सविस्तर लिहिते आहे.

रक्त द्यायला जाण्याआधी

रिपोर्ट चुकण्याची सुरुवात सुईच्या आधीच होते. ताप, जुलाब, डेंग्यू, ऑपरेशन किंवा हार्ट अॅटॅक यातून नुकतंच उठलेल्या माणसाचं कोलेस्टेरॉल खाली आलेलं असतं आणि एचडीएलही त्यात घसरतं. अशा वेळचा आकडा त्याचा नेहमीचा आकडा नसतो. आजारातून बरं झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून तपासणी करावी. (हार्ट अॅटॅकनंतर दवाखान्यातच तपासायला डॉक्टरांनी सांगितलं तर ते लगेच करायचं, त्यामागे औषध ठरवण्याचा हेतू असतो.) गरोदरपणात कोलेस्टेरॉल आपसूक वाढतं, त्यामुळे त्या महिन्यांतल्या आकड्यांवरून घाबरू नये.

उपाशीपोटी यायचं का? पूर्वी बारा तासांचा उपास सक्तीचा होता. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तपासणीला उपास लागत नाही. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल जेवणाने फारसे हलत नाहीत, हलतात ती ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी. जेवून दिलेल्या रक्तात ती ४०० च्या वर निघाली तर मात्र उपाशीपोटी पुन्हा तपासायला हवं. माझा अनुभव सांगते: ज्यांच्या घरात मधुमेह आहे किंवा ज्यांची ट्रायग्लिसराइड्स आधी वाढलेली होती, त्यांनी उपाशीच यावं, म्हणजे दुसरी खेप पडत नाही. उपाशी म्हणजे पाणी चालतं, चहा चालत नाही. "कोराच घेतला" म्हणणाऱ्यांच्या कोऱ्या चहात दोन चमचे साखर असते.

आदल्या रात्री लग्नाचं जेवण, दोन-तीन दिवसांत दारू, हे टाळा. आल्यावर पाच-दहा मिनिटं शांत बसा. उभं राहिल्याने रक्तातलं पाणी थोडं बाहेर सरकतं आणि कोलेस्टेरॉलचा आकडा जरासा चढतो, म्हणून धापा टाकत येऊन लगेच हात पुढे करू नये. आणि शक्य असेल तर दर वेळी एकाच लॅबमध्ये जा. दोन लॅबच्या यंत्रांमधला फरक तुमच्या पथ्याच्या खात्यावर जमा व्हायला नको.

पेन घ्या आणि एक वजाबाकी करा

रिपोर्टवर साधारण या ओळी असतात: एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड्स, एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएल आणि एखादं-दुसरं गुणोत्तर. एचडीएल म्हणजे चांगलं, एलडीएल म्हणजे वाईट, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की जे उरतं त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल या एका आकड्यात येतं, आणि त्यासाठी उपासही लागत नाही. काही लॅब तो छापतात. छापला नसेल तर समासात तुम्हीच लिहा.

आमच्याकडे दिवसातून चार वेळा दिसतो तसा एक रिपोर्ट घेऊ. वय अडतीस, दुकानात दिवसभर बसून काम, पोट थोडं सुटलेलं. एकूण कोलेस्टेरॉल १७६, ट्रायग्लिसराइड्स २१०, एचडीएल ३४. एलडीएल बऱ्याच लॅबमध्ये मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. फ्रिडवाल्ड यांचं १९७२ चं सूत्र आजही वापरात आहे: एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करायचा. १७६ वजा ३४ वजा ४२, म्हणजे १००. एकूण दोनशेच्या आत, एलडीएल शंभर, तेव्हा घरचे म्हणतात सगळं नॉर्मल आहे, फक्त चांगलं जरा कमी आहे. आता वजाबाकी करा: १७६ वजा ३४ म्हणजे नॉन-एचडीएल १४२. ज्याला इतर कसलाही धोका नाही अशा माणसासाठीसुद्धा ते १३० च्या खाली असावं असं सांगितलं जातं. म्हणजे हा रिपोर्ट नॉर्मल नाही.

आता मामांचा. एकूण २४८, ट्रायग्लिसराइड्स १२०, एचडीएल ६२. एलडीएल १६२, नॉन-एचडीएल १८६. गुणोत्तर (एकूण भागिले एचडीएल) मात्र बरोबर ४, छापलेल्या मर्यादेच्या आत. मी तेव्हा ते गुणोत्तर आणि ६२ पाहिलं. १८६ कागदावर छापलेलं नव्हतं आणि मी काढलंही नाही.

परदेशातल्या नातेवाइकाचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला आणि त्यात एचडीएल १.१ दिसलं तर दचकू नका. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात वेगळ्या एककात मोजतात. कोलेस्टेरॉलच्या त्या आकड्याला ३८.७ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. १.१ म्हणजे साधारण ४३. ट्रायग्लिसराइड्सना मात्र ८८.६ ने गुणायचं.

एचडीएलचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

पुरुषांत ४० च्या खाली आणि बायकांत ५० च्या खाली एचडीएल कमी समजलं जातं. आपल्याकडे ते कमी असणं इतकं सर्रास आहे की त्याला अपवाद शोधावा लागतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यक संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीत, जिच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड होते, ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं. वाढलेलं एलडीएल जेमतेम १२ टक्क्यांत होतं. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. पाश्चात्त्य देशांत वाढलेलं एलडीएल हा मुख्य शत्रू. आपला साचा वेगळा आहे. कमी एचडीएल, जास्त ट्रायग्लिसराइड्स, आणि दिसायला बरं पण बारीक, घट्ट कणांनी भरलेलं एलडीएल. वरचा अडतीस वर्षांचा दुकानदार म्हणजे हाच साचा.

मग एचडीएल वाढवलं की काम झालं, असं कुणालाही वाटेल. जगभरच्या डॉक्टरांनाही वाटलं होतं. ही गोष्ट थोडी लांबवते, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रामिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयरोगाची पाहणी चालू आहे. १९७७ मध्ये त्यातून प्रसिद्ध झालं की ज्यांचं एचडीएल जास्त, त्यांना हृदयरोग कमी. ते निरीक्षण खरं होतं आणि आजही खरं आहे. 'चांगलं कोलेस्टेरॉल' ही ओळख तिथून पक्की झाली. एचडीएलचे कण रक्तवाहिनीच्या भिंतीतून कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेतात, हेही खरं. आपल्या घंटागाडीसारखं समजा: गल्लीतला कचरा उचलायचा आणि डेपोत नेऊन ओतायचा.

आता विचार करा, लॅबमध्ये आम्ही काय मोजतो? त्या क्षणी गाड्यांमध्ये मिळून किती कचरा भरलेला आहे, तेवढंच. गाडीने दिवसात किती फेऱ्या मारल्या, गल्ली झाडली गेली का, डेपोचं फाटक उघडं होतं का, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.

औषध कंपन्यांनी आकडा वाढवणारी औषधं काढली. फायझरच्या टॉरसेट्रापिब या गोळीने एचडीएल सत्तर टक्क्यांहून जास्त वाढलं आणि एलडीएल उतरलंही. तरी गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाल्यामुळे डिसेंबर २००६ मध्ये पंधरा हजार रुग्णांवरची ती चाचणी थांबवावी लागली. त्या गोळीने रक्तदाब वाढत होता, म्हणून दोष तिचा एकटीचा असेल असं वाटलं. पण त्याच कुळातली डॅलसेट्रापिब २०१२ मध्ये निष्फळ ठरली, आणि एचडीएल दुपटीहून जास्त करणारी एव्हासेट्रापिब २०१५ मध्ये. नायसिन हे जीवनसत्त्व वर्षानुवर्षं चांगलं कोलेस्टेरॉल वाढवायला दिलं जात होतं. पंचवीस हजारांवर रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा हृदयाला उपयोग दिसला नाही, उलट साखर वाढणं, जंतुसंसर्ग, रक्तस्राव असे त्रास वाढले. तो निकाल २०१४ चा.

जनुकांनीही हेच सांगितलं. जन्मतःच ज्यांचं एचडीएल एका विशिष्ट जनुकबदलामुळे जास्त असतं, त्यांना हार्ट अॅटॅक कमी येतात का, हे २०१२ मध्ये तपासलं गेलं. कमी येत नव्हते. दुसऱ्या एका दुर्मीळ बदलात यकृतावरचं एचडीएल उतरवून घेणारं दारच नीट चालत नाही. म्हणजे डेपोचं फाटक बंद, गाड्या भरून रांगेत उभ्या. रिपोर्टवर एचडीएल भरघोस, आणि हृदयरोगाचा धोका उलट वाढलेला. याच्या नेमकं उलट उदाहरण इटलीतल्या लिमोने सुल गार्दा या तळ्याकाठच्या गावात सापडलं. तिथल्या काही घरांत एचडीएल अगदी खालावलेलं, तरी त्यांच्यात हृदयरोग वाढलेला दिसेना. त्यांच्या एचडीएलमधलं प्रथिनच वेगळ्या घडणीचं होतं.

आणि खूपच जास्त एचडीएल? कोपनहेगनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांच्या नोंदी पाहून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं की ११६ च्या वर एचडीएल असलेल्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण मध्यम एचडीएल असलेल्यांच्या साधारण दुप्पट होतं. असा आकडा आमच्याकडे क्वचित येतो. आला तर अभिमानाने घरी दाखवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात व्यवहार असा. कमी एचडीएल ही खूण आहे, तिच्यामागचं कारण शोधायचं. जास्त एचडीएलमुळे वाढलेलं एलडीएल माफ होत नाही.

कमी का झालं, याचा माग काढा

पहिल्यांदा रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड्सकडे बघा. ती १५० च्या वर आणि एचडीएल कमी असेल, तर दोन्ही एकाच कारणाची अपत्यं असण्याची शक्यता मोठी. रक्तात ट्रायग्लिसराइड्स जास्त झाली की ती एचडीएलच्या कणांत शिरतात, तिथलं कोलेस्टेरॉल बाहेर पडतं, आणि असे कण शरीर लवकर मोडून टाकतं. ट्रायग्लिसराइड्स फारच वाढलेल्या माणसाचं रक्त यंत्रात फिरवलं की वरचा पिवळसर द्रव दुधासारखा पांढुरका दिसतो. मी ती नळी काही जणांना मुद्दाम दाखवते. हजार शब्दांनी होत नाही ते काम ती नळी करते.

मग शिंप्याची टेप घ्या. श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता मोजा. आपल्या लोकांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. पॅन्टचं माप धरू नका, ती पोटाखाली बांधलेली असते.

त्यानंतर स्वतःलाच विचारायचे प्रश्न. बिडी-सिगारेट आहे का? धूम्रपानाने एचडीएल उतरतं आणि सोडल्यावर काही आठवड्यांतच सावरायला लागतं. गुटखा, तंबाखू, मशेरीनेही हार्ट अॅटॅकचा धोका वाढतो, आणि "मी ओढत नाही, फक्त लावते" म्हणणाऱ्या मावश्यांनी हे ऐकावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. साखर तपासली आहे का? थायरॉइड? थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं, आणि गोळी सुरू केल्यावर ते कधीकधी दुसऱ्या कसल्याही उपायाशिवाय उतरतं, म्हणून टीएसएच एकदा जरूर करावं. यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणीही डॉक्टर यासाठीच सांगतात.

जिमला जाणाऱ्या तरुण मुलांसाठी वेगळं लिहिते. पिळदार शरीर, चरबी नावाला नाही, आणि एचडीएल १५ किंवा १८. असा रिपोर्ट आला की मी त्याला बाजूला घेऊन विचारते, इंजेक्शनं चालू आहेत का? दंड फुगवणारी स्टेरॉइड्स एचडीएल जमिनीवर आणतात आणि एलडीएल चढवतात. ती बंद करायला हवीत, पण किती दिवस आणि काय घेतलं हे डॉक्टरांना खरं सांगून.

तुमचा धोका किती, हे ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही

तेच १०० एलडीएल एकाला चालतं आणि दुसऱ्याला चालत नाही, ते इथून ठरतं. कागदावर लिहा: रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कंबर, मूत्रपिंडाचा आजार. बायकांनी बाळंतपणात रक्तदाब वाढला होता का किंवा गरोदरपणात साखर वाढली होती का हेही लिहावं. पाळी लवकर गेली असेल तर तेही. आणि घराणं. सख्ख्या नात्यातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयरोग झाला असेल, तर तो धोक्यात धरतात. लोक सांगताना म्हणतात, "वडील झोपेतच गेले, त्रास काही नव्हता." पन्नाशीत झोपेत गेले असतील तर तोच इतिहास आहे.

२०२४ च्या भारतीय सूचनांप्रमाणे विशेष धोका नसलेल्याचं एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत असावं. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांसारख्या जास्त धोक्याच्या गटाला ७० आणि १००. ज्यांना अॅटॅक, पक्षाघात किंवा पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा होऊन गेला आहे त्यांना ५५ आणि ८५. एचडीएलसाठी गाठायचा आकडा या यादीत नाही, हे लक्षात घ्या. रिपोर्टवर छापलेली मर्यादा सगळ्यांना सारखीच असते. यंत्राला तुमचा मधुमेह माहीत नसतो. अॅटॅक येऊन गेलेल्या माणसाचं ९५ एलडीएल ठळक अक्षरात छापून येत नाही, आणि तो समाधानाने घरी जातो.

एक तपासणी आयुष्यात एकदा करावी: लिपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच एक घातक कण). हे जन्मतःच ठरलेलं असतं, पथ्याने हलत नाही, आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही. आपल्याकडे साधारण चौघांत एकाला ते ५० च्या वर असतं. मामांचं स्टेंट पडल्यानंतर तपासलं, वाढलेलं निघालं. आजोबा एकावन्नाव्या वर्षी का गेले असावेत याचा मग थोडा उलगडा झाला. घरात असा इतिहास असेल तर मुलांचीही तपासणी करा. पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी करावी असं त्याच सूचना सांगतात, आणि घरात इतिहास असेल तर त्याहून आधी.

ताटात काय बदलायचं

कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड्स असा रिपोर्ट आला की घरात पहिला घाव तुपावर पडतो. तेल-तूप बंद होतं आणि त्या जागी भात, पोहे, मारी बिस्किटं आणि टोस्ट येतात. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड्स तशीच, कधी जास्तच, आणि एचडीएल आणखी खाली. कारण आपल्या साच्यात पहिला दोष बहुतेकदा साखरेचा आणि पिठूळ पदार्थांचा असतो. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे चहातूनच चाळीस-पन्नास ग्रॅम. आधी तिथून सुरुवात करा.

उपासाचे दिवस मोजा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि आठवड्याला दोन उपास धरणाऱ्यांच्या पोटात तो बराच जातो. राजगिरा, भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक यावर उपास निभतो. पोटही धरलं जातं.

भाकरी ठेवा. ताटात भाताचा ढीग अर्धा करा आणि त्या जागी मटकी, हुलगे, चवळी, मसूर वाढा. कडधान्यांत आणि जवसात जो विरघळणारा चोथा असतो तो आतड्यात कोलेस्टेरॉल धरून बाहेर नेतो आणि एलडीएल उतरवतो. इसबगोलही हेच काम करतो. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी आपल्या आज्यांच्या फडताळात कायम असायची. रोज एक-दोन चमचे भाकरीबरोबर खा. मूठभर शेंगदाणे चालतात, खारवलेले आणि तळलेले नकोत. किनाऱ्यावरच्या लोकांना बांगडा आणि तारली यांच्यासारखं स्वस्त आणि हृदयाला मानवणारं अन्न नाही, फक्त ते कालवणात किंवा कमी तेलात भाजून. रव्यात घोळून तेलात बुडवल्यावर हिशेब बदलतो.

तेल मोजायचं तर बाटलीवर तारीख टाका. माणशी दिवसाला चहाचे चार चमचे धरले तर चार जणांच्या घराला महिन्याला साधारण अडीच लिटर पुरायला हवं. पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल तर उत्तर समोर आहे. आलटून-पालटून शेंगदाणा, करडई, मोहरी, तीळ वापरा. वनस्पती तूप मात्र घरात आणू नका. त्यातल्या ट्रान्स फॅटचा दुर्गुण दुहेरी: वाईट वाढवतं आणि चांगलं उतरवतं. जानेवारी २०२२ पासून एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने तेला-तुपातलं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर मर्यादित केलं आहे. तरी खारी, नानकटाई आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातले वडे रोजचे नकोत.

खोबरेल तेलाने चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं, असा संदेश फिरत असतो. वाढतं, खरं आहे. पण त्याच वेळी वाईटही वाढतं, आणि जास्त वाढतं. कोकणातल्या आमटीत वाटलेलं ओलं खोबरं आणि औषध म्हणून रोज सकाळी प्यायलेलं दोन चमचे तेल, या निराळ्या गोष्टी आहेत. दारूचंही तसंच. तिने एचडीएल चढतं म्हणून कुणी "डॉक्टरच सांगतात" म्हणत पेला भरत असेल, तर त्याला त्याच रिपोर्टवरची ट्रायग्लिसराइड्स आणि घरातलं रक्तदाबाचं यंत्र दाखवा. आधी ऐकलंत तसं, आकडा चढणं आणि हृदय वाचणं वेगळं.

चाल

आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. याने एचडीएल फार तर दोन-चारने चढतं आणि लोक निराश होतात. ट्रायग्लिसराइड्स, साखर आणि रक्तदाब उतरतात, ते त्यांना मोजावंसं वाटत नाही. जेवणानंतरची शतपावली शंभर पावलांवर न थांबवता पंधरा मिनिटं चालवा. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करा, घरातल्या घरात उठबशा आणि भिंतीला रेटून जोर काढले तरी चालतील. चालताना छातीत दाब आला किंवा दम नेहमीपेक्षा लवकर लागायला लागला, तर चालणं थांबवून आधी डॉक्टर.

वजन उतरत असतानाच्या काळात एचडीएल थोडं आणखी खाली दिसू शकतं; वजन स्थिरावल्यावर ते वर येतं. हे ठाऊक नसल्याने मी दोन-तीन जणांना चांगलं चाललेलं पथ्य सोडताना पाहिलं आहे.

गोळीची वेळ आली तर

एचडीएल वाढवण्यासाठी म्हणून कसलीही गोळी, पावडर, काढा विकत घेऊ नका. स्टॅटिन ही एलडीएल उतरवणारी गोळी आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात बुरशीतून या कुळातलं पहिलं द्रव्य मिळालं, आणि स्टॅटिनने हार्ट अॅटॅक कमी होतात हे पुन्हापुन्हा सिद्ध झालं आहे. मामांना ती आधीच सुरू व्हायला हवी होती. लोक ती महिनाभर घेतात, रिपोर्ट छान येतो, आणि बंद करतात. रिपोर्ट गोळीमुळे छान आलेला असतो. पाय-मांड्या दुखायला लागल्या तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर आधीच सांगा. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील तर थांबू नका. तिथे हृदयाच्या आधी स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.

गोळी सुरू झाल्यावर चार ते बारा आठवड्यांत, आणि नुसतं पथ्य असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मागच्या वेळी एचडीएल ३८ होतं आणि आता ४१ आलं, तर त्याला सुधारणा म्हणू नका, आणि ४१ चं ३८ झालं तर रडू नका. एकाच माणसाचं एचडीएल आठवड्यागणिक एवढं हलतंच. ट्रायग्लिसराइड्स तर वीस टक्के सहज इकडेतिकडे होतात. तीन रिपोर्ट एकाच दिशेने गेले तर ती दिशा.

छाती आवळल्यासारखी होणं, डावा हात किंवा जबडा दुखणं, घाम फुटणं, बायकांत आणि मधुमेहींत नुसताच दम लागणं किंवा मळमळणं, यातलं काहीही झालं तर "गॅस झाला असेल" म्हणत सोडा पिऊन झोपू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी होईल अशा ठिकाणी पोचा. अशा वेळी कालचा एचडीएलचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी तो कुणालाही विचारात घ्यायला लावू नका.

मामांच्या फायलीच्या आतल्या कव्हरवर आता एक तक्ता आहे. तारीख, नॉन-एचडीएल, एलडीएल, ट्रायग्लिसराइड्स, एचडीएल, कंबर, रक्तदाब, चालू गोळ्या. मामी तो भरतात. एचडीएलचा रकाना पाचव्या जागी आहे, आणि गेल्या तपासणीत नॉन-एचडीएल ८१ होतं.